सहावं पान आणि डोंगरावरचा आठवडा

१

मंगळवारी सकाळी पाथरीतल्या आपल्या घराच्या ओसरीवर बसून सत्यशीलाबाईंनी फाइलीतली पानं तिसऱ्यांदा मोजली आणि तिसऱ्यांदाही ती अकराच भरली. पाचव्या पानानंतर थेट सातवं. सहावं पान गायब!

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ द्या, एका पानानं काय होतंय. पण सत्यशीलाबाई चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या आणि त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. साधं परिपत्रक आलं तरी पानं मोजल्याशिवाय त्यांनी कधी पोच दिली नव्हती. इथं तर लाखाचा मामला होता.

फाइल होती महाबळेश्वरच्या एका हॉलिडे क्लबच्या सभासदत्वाची. चौदा वर्षांपूर्वी एस.टी.च्या दत्तरावांनी ते अडीच लाखांना घेतलं होतं. पंचवीस वर्षं, दरवर्षी जुलैचा एक ठरलेला आठवडा, दोन खोल्या, जेवणखाण क्लबचं. जुलैत तिथं नुसतं धुकं आणि पाऊस, म्हणून तो आठवडा स्वस्तातला. दत्तराव पाथरीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त. उरलेली अकरा वर्षं त्यांना विकायची होती आणि भाव त्यांनी सांगितला होता दीड लाख.

सत्यशीलाबाईंना डोंगर बघायचा नव्हता, धुक्याशीही त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्या धरून चौघी बहिणी. आईवडील गेले, भाऊ नाही, गावातलं दोन खणांचं घर रस्त्यात गेलं. त्यामुळे चौघींना माहेर असं उरलंच नव्हतं. तीस वर्षांत चौघी एका छपराखाली भेटल्या त्या कुणाच्या तरी लग्नात नाहीतर मातीला, आणि तिथंही कुणी ना कुणी 'गाडी सुटंल' म्हणत उठायचीच. चौघींना वर्षातून एक आठवडा कुठंतरी हक्कानं जाऊन पडता यावं, एवढंच बाईंच्या मनात होतं. त्यासाठी निवृत्तीच्या पैशातला एक लाख त्यांनी बाजूला काढला होता. त्याच्यावर एक पैसा नव्हता.

मध्यस्थ नागनाथनं गुरुवारपर्यंत विसार मागितला होता. "दुसरं गिऱ्हाईक दारात उभं हाय, बाई," असं तो रोज सांगत होता.

फाइल रविवारपर्यंत दत्तरावांच्या कपाटात होती. सोमवारी ती नागनाथच्या पिशवीत गेली, तिथून झेरॉक्ससाठी बाईंच्या भाच्याच्या, धम्मपालच्या दुकानात, आणि संध्याकाळी बाईंच्या हातात. नाडीची गाठ इतकी चिवट होती की सोडताना बाईंचं नख तुटलं. पहिल्या पानावरच्या यादीत बघितलं तर सहाव्या पानापुढं लिहिलं होतं: 'आठवड्यांच्या वापराचा उतारा'.

बाईंनी चौथं पान उघडून नियम वाचले. सभासदाला पुढच्या दोन वर्षांचे आठवडे आधीच उचलता येतात, असा एक नियम होता.

म्हणजे दत्तरावांनी पुढचे आठवडे आधीच खाऊन टाकले असले तर? बाईंनी फोन उचलला आणि वालूरला लावला.

२

वालूरचे बन्सीधरआप्पा दुपारच्या जीपनं आले. वय चौऱ्याहत्तर, खांद्यावर टॉवेल. चाळीस वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केली होती. दोघांचे हात टॉवेलखाली घ्यायचे, बोटांनी भाव करायचा आणि बाहेर कुणाला कळू द्यायचा नाही, हा त्यांचा धंदा. चोरीचा बैल ते चालीवरून ओळखायचे. नात बाईंच्या शाळेत शिकली होती, म्हणून बाईंचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"बाई, तुमी दात मोजले का?"

"कुणाचे दात, आप्पा?"

"ह्या आठवड्याचे! बैल घेताना मालकानं कितीला आणला ते कोन इचारतंय? दात बघतेत, चाल बघतेत, खातो किती ते बघतेत. अडीच लाख दत्तरावांनी मोजले, ते त्यांचं त्यांच्यापाशी. ह्याला वर्षं किती उरली?"

"अकरा."

"हंगाम कोनता?"

"जुलै. पडेल हंगाम."

"खातो किती?"

"वर्षाला देखभालीचे भरावे लागतात. ते आपल्या आवाक्यातले आहेत."

तेवढ्यात धम्मपाल आला. बारीक चणीचा, तिशीचा, सदा घाईत असलेला. मावशीनं बोलावलंय आणि समोर आप्पा बसलेत हे बघून त्याची घाई जिरली.

"मावशी, माझ्याकडं बघू नका. मशीनमधी आकडा राहतोय. अकराच कागद गेलेत. मी तवाच इचारणार होतो, पण गिऱ्हाईक लय होतं."

"असे आठवडे आनखी कुनी इकायलंय का?" आप्पांनी विचारलं.

"हाय की. नेटवर चार-पाच जाहिराती हायत. जुलैचे, दहा-अकरा वर्षं उरलेले. पंच्याहत्तर ते ऐंशी हजाराला जायलेत. मागतेत जास्त, पण जायलेत तेवढ्यालाच."

बाईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. आप्पांनी मात्र फाइल मांडीवर घेतली आणि पाचवं पान दोनदा वाचलं.

"चौदा वर्षांच्या पावत्या. सगळ्या भरलेल्या, थकबाकी न्हाई," ते म्हणाले. "एवढा सरळ मानूस पान कशाला काढील? नागनाथाला बोलवा."

३

नागनाथ प्लॉट, जुने ट्रॅक्टर, म्हशी आणि एकदा एका मंगल कार्यालयाचा जनरेटर, अशा सगळ्याची मध्यस्थी करत असे. बोलताना त्याचे दोन्ही हात हवेत असत.

"माझ्यावर संशय? आप्पा, तुमी-आमी एका धंद्यातले! पिशवीत फाइल घातली, दुकानावर दिली. मधी फकस्त वडापाव खाल्ला."

"चौथ्या पानावर काय लिव्हलंय?"

"चौथ्या?"

"तुमी इकायलाव त्या मालाच्या चौथ्या पानावर."

नागनाथचे हात पहिल्यांदा खाली आले. "पानं वाचायला येळ कुठंय, आप्पा? मी पहिलं बघतो आन शेवटचं. नाव आन सही."

"आन दुसरं गिऱ्हाईक? दारात उभं हाय ते?"

नागनाथनं खिडकीतून बाहेर बघितलं, जणू ते गिऱ्हाईक बाईंच्याच अंगणात उभं असावं. मग तो ओशाळून हसला. "तसं म्हनावं लागतंय की."

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "ह्यानंच काढलं असेल. दोघांनाही गंडवायला."

"न्हाई बाई. ज्याला पानात काय हाय तेच ठाऊक न्हाई, त्यो सहावं पान येचून काढील का? काढनाऱ्याला त्या पानाची भीती होती." आप्पांनी फाइलीची नाडी बोटांत धरली. "आन ही गाठ कुनी मारली?"

"आली तशीच होती. माझं नख तुटलं सोडताना."

"झेरॉक्सला सोडली ती मीच," धम्मपाल म्हणाला. "आली होती तशीच परत मारली असती, पण मला ती जमलीच न्हाई. सोडताना कशी होती ते बघून ठेवलं होतं, शेवटी दुकानातल्या बाईकडून तशीच मारून घेतली. ती म्हनली, ही तर खेड्यातली गाठ हाय, आमी बाया धान्याच्या पिशवीला मारतो."

आप्पा उठले आणि टॉवेल झटकला.

"चला दत्तरावांकडं. आन बाई, तिथं गेल्यावर भावाचं एक अक्षर काढू नका. फकस्त महाबळेश्वरचं इचारा."

४

दत्तरावांचं घर बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत होतं. गाड्यांच्या घोषणा ऐकू येतील एवढं जवळ मुद्दाम घेतलेलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते दुपारी स्थानकावर जाऊन बसत आणि कोणती गाडी किती उशिरा आली ते नव्या नियंत्रकाला सांगत. तिथं त्यांना मान होता. 'दरवर्षी महाबळेश्वरला जाणारा मानूस' म्हणून तर जास्तच.

"सहावं पान न्हाई?" दत्तराव खुर्चीतून ताडकन उठले. "कसं न्हाई? बारा पानांची फाइल हाय! माझ्या फाइलीतला कागद जातोच कसा? त्या नागनाथाला मी..."

ते खरोखर लालबुंद झाले होते. कपाळावरची शीर दिसत होती. बाईंनी वर्गात हजारो पोरं खोटं बोलताना बघितली होती, आणि हा माणूस खोटं बोलत नव्हता, निदान ह्या बाबतीत तरी नाही.

"बसा, बसा," आप्पा म्हणाले. "पान सापडंल. बाईंना तिथलं जरा सांगा. कसं हाय?"

दत्तराव खुलले. "काय सांगू बाई! रोज संध्याकाळी आमी पॉइंटावर. सूर्य असा लालभडक खाली जातो की नजर ठरत न्हाई. एक दिवस चुकवला न्हाई चौदा वर्षांत."

सत्यशीलाबाईंनी आप्पांकडं बघितलं. आप्पा छताकडं बघत होते. जुलैत, धुक्यात, रोज सूर्यास्त! चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला हे पचायला जडच गेलं.

सरजाबाई, दत्तरावांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, डोक्यावर पदर. कप ठेवून परत वळल्या तेवढ्यात आप्पांनी सहज विचारलं, "वहिनी, तुमाला काय आवडलं तिथलं?"

"मला?" सरजाबाईंचा चेहरा एकदम उजळला. "दुपारी चिंचंखाली बाज टाकून पडलं की असं गार वारं सुटतंय. आन भावजय म्हनती, वन्सं, उठू नका..."

त्या थांबल्या. बाहेर परभणी गाडी लागल्याची घोषणा झाली.

"असं, म्हंजे, तिथल्या एका बाईला मी भावजयच म्हनायचे," सरजाबाई घाईनं म्हणाल्या आणि आत गेल्या. परत आल्या त्या हातात कापडी पिशवी घेऊन. "बाई, कुरडया घिऊन जा. येवढ्या लांबून आलाव."

बाई आल्या होत्या चार गल्ल्यांवरून. सरजाबाईंनी पिशवीचं तोंड आवळलं, बंद दोनदा फिरवला, आतून ओढला, आणि फाइलीच्या नाडीला होती तशीच गाठ मारली.

आप्पांनी ती पिशवी हातात घेतली, गाठीवरून अंगठा फिरवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, ते पान आना. कशापायी काढलं ते बी सांगा, कुनी रागावनार न्हाई."

५

पान पिठाच्या डब्याच्या तळाशी होतं. सरजाबाईंनी ते पदरानं पुसून नवऱ्यासमोर ठेवलं.

"मीच काढलं. रविवारी तुमी स्टँडवर गेले तवा."

"तू? कशापायी?"

"वाचा की. चौदा ओळी हायत. चौदाई ओळींत 'आले नाहीत' छापलंय. बाईंनी बघितलं असतं, बाईंच्या भाच्यानं बघितलं असतं, नागनाथानं सगळ्या गावाला सांगितलं असतं. मग स्टँडवर कसं बसले असते तुमी?"

दत्तराव खाली बसले. मग सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षी ते निघाले होते. नवं जाकीट, नवी बॅग, स्थानकावर सगळे निरोपाला. वाईपर्यंत ठीक होतं. पसरणीच्या घाटात तिसऱ्या वळणाला त्यांना उलटी झाली. पाचव्या वळणाला कंडक्टरनं गाडी थांबवली. सातव्यानंतर दत्तराव हात जोडून म्हणाले, मला खाली उतरवा.

"एस.टी.चा मानूस, आप्पा! तीस वर्षं माइकवर गाड्या सोडल्या, आन घाट सोसंना. परत येऊन कोनत्या तोंडानं सांगायचं?"

तेव्हा सरजाबाईंनीच उपाय काढला. त्यांचा भाऊ परमेश्वर पोखर्णीजवळ आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, राहतो. आठवडा तिथं काढायचा, मग घरी यायचं आणि महाबळेश्वर सांगायचं. दुसऱ्या वर्षी लोकांनी विचारलं, यंदा कधी? पुन्हा पोखर्णी. असे चौदा जुलै.

"आन खरं सांगू बाई?" सरजाबाई सत्यशीलाबाईंकडं वळल्या. "इकायचं म्हनले तवापासनं मला झोप न्हाई. जावई मानूस मेव्हन्याच्या घरी आठ दिवस निमित्ताबिगर कसा राहील? ह्या क्लबापायी तर मला दरवर्षी माहेर होतं."

सत्यशीलाबाईंनी पान उचललं आणि डोळ्यांपुढं धरलं. सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. ती त्यांनी दोनदा वाचली.

चौथ्या पानावर दुसराही एक नियम होता. न वापरलेला आठवडा तीन वर्षांपर्यंत पुढं जमा होतो आणि पडेल हंगामात कधीही काढता येतो. इथं छापलं होतं, 'शिल्लक: तीन आठवडे'. म्हणजे घेणाऱ्याला पहिल्या वर्षी एक सोडून चार आठवडे मिळणार. दत्तरावांना हे माहीत नव्हतं. त्यांनी पान लाजेनं कधी नीट वाचलंच नव्हतं.

गप्प बसलं तर? पान दुमडून 'फाडून टाका, माझी काही हरकत नाही' म्हटलं, तर हे दोघं उपकार मानून सत्तर हजारालाही देतील. बाईंना मोह झाला. चांगला घसघशीत झाला. आप्पाही ओळ वाचून मोठ्यानं खोकले, म्हणजे गप्प राहा. पण बहिणींसाठी माहेर घ्यायला निघायचं आणि ते दुसऱ्या बाईच्या माहेराची चोरी करून घ्यायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

"दत्तराव," त्या म्हणाल्या, "ह्या पानामुळं तुमचा भाव वाढतो. तुमचे तीन आठवडे जमा आहेत."

आप्पांनी कपाळावर हात मारला. दत्तराव मात्र ताठ झाले. "असं? मग दीड लाख बरोबरच हाय की!"

"जरा दम धरा," आप्पा म्हणाले. "असे आठवडे बाजारात ऐंशीला जायलेत. वर्षं अकरा, हंगाम पडेल, वर खायला घालायचं दरवर्षी. तीन जमा, त्याचे वरचे धरा. दीड कुठून येतंय?"

"पन मी स्टँडवर सांगून बसलोय, दीडच्या खाली देनार न्हाई! आता तोंडानं कमी कसं म्हनू?"

ही खरी अडचण होती. पान लपवण्यामागं तीच होती आणि भाव अडण्यामागंही तीच. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

"तोंडानं कशाला म्हनता? हातानं म्हना. टावेलाखाली झालेला भाव घेनाऱ्याला ठाऊक आन देनाऱ्याला. स्टँडला काय करायचंय?"

दत्तरावांनी सत्यशीलाबाईंकडं बघितलं. परस्त्रीचा हात धरायचा म्हणून ते चांगलेच लाजले. मग सरजाबाईंनी पदर खोचला आणि पुढं सरकल्या.

"सरका तुमी. माझा बाप बैलांचाच धंदा करायचा. द्या बाई हात. एक बोट, धा हजार."

टॉवेल दोघींच्या हातांवर पडला. बाईंना वाटत होतं आपल्याला हे जमायचं नाही, पण सरजाबाईंचा हात कामानं खरबरीत आणि स्पष्ट बोलणारा होता. पाच, पुन्हा पाच, वर दोन. एक लाख वीस. बाईंनी पाच आणि चार दाबली. सरजाबाईंनी मान हलवली. पाच, पाच, एक. बाईंनी डोळे मिटले. पाच. आणि पुन्हा पाच. मग पंजा तसाच घट्ट धरून ठेवला, सोडलाच नाही. ह्याच्यापुढं त्यांच्याजवळ काही नव्हतं, आणि ते लपवावं असं त्यांना वाटेनाही.

सरजाबाईंनी तो पंजा क्षणभर तोलला. मग दुसरा हातही टॉवेलखाली घालून तो दाबला.

"झालं," त्या म्हणाल्या. "आन नावावर करायचा खर्च आमचा."

"कितीला?" दत्तराव पुढं वाकले.

"भाव सांगत नसतेत."

"अगं पन मी मालक हाय!"

"कागदावर सही करताना बघा. आन जुलैत पोखर्णीला जायचं, उघड. दादाच्या घरी जायला मला महाबळेश्वर कशाला पायजे?"

दत्तरावांनी आप्पांकडं मदतीसाठी बघितलं. आप्पा टॉवेलची घडी घालण्यात गर्क होते. शेवटी दत्तराव म्हणाले, "पोखर्णीची गाडी सव्वानऊला असती. पुढची शिट धरावी लागंल." आणि सरजाबाई खुदकन हसल्या.

संध्याकाळी सत्यशीलाबाईंनी सगळ्यात धाकट्या बहिणीला, शुभदाला, फोन लावला. मागून कुकरची शिट्टी आणि कुणाचं तरी 'आई, माझा डबा' ऐकू येत होतं.

"घेतलं गं," बाई म्हणाल्या. "यंदा चार आठवडे. जुलैचा एक ठरलेला, जमा झालेले तीन कधी काढायचे ते चौघी मिळून ठरवू."

"खरंच? अक्का, सैपाकाचं कसं? पीठ किती आनू?"

"काही आणायचं नाही. तिथं करून घालतात. भांडीसुद्धा तेच घासतात."

पलीकडं कुकर दोनदा वाजला तरी शुभदा हलली नसावी.

"मग दिवसभर आपुन करायचं काय गं?"

"भांडू की," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तीस वर्षांची भांडणं राहिलीत."